पाळण्याला जागा कुठे?

शहराचा विकास आराखडा ही गोष्ट सामान्य माणूस सहसा बघत नाही. आपला प्लॉट आरक्षणात गेला की मग बघतो, तोही डोळ्यांत पाणी आणून. एरवी नगररचना विभागाच्या भिंतीवरचा तो रंगीत नकाशा एकदा निवांत पाहण्यासारखा असतो. पिवळा रंग राहत्या घरांचा, निळा व्यापाराचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा बागा-मैदानांचा. त्यावर आकडे घालून आरक्षणे दाखवलेली असतात. प्राथमिक शाळा, क्रीडांगण, दवाखाना, भाजी मंडई, वाहनतळ, अग्निशमन केंद्र, स्मशानभूमी, कब्रस्तान. पुढच्या वीस वर्षांत गावातल्या माणसाला जे जे लागेल त्याचा विचार करून जागा राखून ठेवायची, हा आराखड्याचा हेतू. आणि तो चांगलाच आहे.

आता या नकाशावर एका माणसाचा प्रवास बोटाने करून पाहा. तो प्रसूतिगृहात जन्मतो, त्याला जागा आहे. सहाव्या वर्षी शाळेत जातो, त्याला जागा आहे. पुढे मैदान, बाजार, दवाखाना, शेवटी स्मशान. पण मधली पहिली तीन-चार वर्षे? दीड वर्षाचे मूल आणि कामावर जाणारी आई, या दोघांसाठी नकाशात काय आहे? बोट तिथे अडखळते. ते मूल घरात असणार, आणि घरात आजी असणार, असे गृहीत धरून नकाशा पुढे सरकतो.

या गृहीताबद्दलच आज लिहायचे आहे. जळगाव आणि धुळे ही आपली दोन शहरे समोर ठेवून.

बाई कामाला जाते ही खानदेशात काही नवी गोष्ट नाही. नोकरी करणारी स्त्री म्हटले की आपल्याला पुण्या-मुंबईची पर्सवाली बाई दिसते. पण कापसाच्या या मुलखात बाया शेतात तर होत्याच, शिवाय सरकी काढणाऱ्या जिनांतही होत्या. १८८०च्या दशकात मुंबई इलाख्यातल्या कारखान्यांची चौकशी झाली, तेव्हा खानदेशातल्या जिनांमध्ये हंगामात बाया पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतात, अशा साक्षी झाल्या. त्यांची तान्ही कुठे होती? मुंबईच्या गिरण्यांतल्या मुलांचे उत्तर नोंदलेले आहे. अफूची बाळगोळी चाटवून मूल निजवायचे आणि आईने भोंग्याला पळायचे. १९२०च्या दशकातल्या अहवालांत हे वाचायला मिळते. पाळणाघर नसले तर त्याची जागा कशाने भरते, याचे हे जुने उत्तर आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८च्या कारखाना कायद्याने या प्रश्नाला हात घातला. पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्याने त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची खोली द्यावी, असे ठरले. १९७६ साली पन्नासाचे तीस झाले. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावे, अशी तरतूद आली. तीच पुढे २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतली गेली.

कायदा चांगला आहे. फक्त तो आपल्या गावात फारसा कुणाला लागू पडत नाही. या सगळ्या तरतुदी मोठा मालक डोळ्यांसमोर ठेवून केल्या आहेत. धुळ्याची प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल यांचे भोंगे थांबले त्याला आता जमाना लोटला. आज आपल्याकडची बाई कुठे काम करते? डाळ मिलमध्ये निवडायला बसते. एमआयडीसीत चटईच्या, पाइपच्या छोट्या कारखान्यात असते. कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी असते. खासगी दवाखान्यात नर्स असते, विनाअनुदानित शाळेत शिक्षिका असते, एसटीत कंडक्टर असते, नाही तर चार घरची धुणीभांडी करते. एका ठिकाणी पाच बाया, दुसरीकडे बारा, तिसरीकडे एकटीच. पन्नासाचा आकडा कुठेच भरत नाही. त्यामुळे कायदा मोडलाही जात नाही आणि मुलाला पाळणाही मिळत नाही.

म्हणजे पाळणाघर मालकाच्या गळ्यात बांधून आपले भागणार नाही. ते वस्तीला बांधावे लागेल. बाई राहते त्या कॉलनीत, तिच्या कामाच्या वाटेवर, पायी नेऊन सोडता येईल अशा अंतरावर. आणि वस्तीत काय असावे, काय नसावे हे ठरवणारा कायदा म्हणजे नगररचनेचा. तेव्हा हा प्रश्न महिला व बालकल्याणाचा जितका, तितकाच नगररचनेचा आहे.

“पण आमच्याकडे आजी असते ना,” असे कुणी म्हणेल. मी स्वतः साठीच्या पुढचा आहे, त्यामुळे आजी-आजोबांबद्दल अधिकाराने बोलू शकतो. पारोळा, चोपडा, शिरपूर, साक्रीकडून मुलांच्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी जी जोडपी शहरात आली, त्यांचे आई-वडील बहुतेक गावीच असतात. शेत आहे, गुरे आहेत, धाकटा भाऊ आहे. जिथे आजी घरात आहे तिथे तिचे गुडघे आणि रक्तदाब हेही घरातच आहेत. नातवंडाला कडेवर घेणे हा आनंद, पण आठ तास त्याच्या मागे धावणे ही नोकरी. तिचा पगार आपण कधी काढला नाही, म्हणून ती नोकरी वाटत नाही एवढेच.

अंगणवाडीचे नाव यात निघणारच. तो शब्दच मुळी मराठी शिक्षणकार्याची देणगी आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार. २ ऑक्टोबर १९७५ पासून देशभर एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी घरोघरी ठाऊक झाली. पण ती पोषण, लसीकरण आणि थोडा वेळ शिकवणे यासाठी आहे. तिची वेळ काही तासांची; दुकानातल्या बाईची पाळी दहा तासांची. २०२२ पासून केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचा विचार आला, तो योग्यच आहे. तरी शहरातली अंगणवाडी भाड्याच्या खोलीत बसते आणि ती खोली केवढी असते, ते आपण पाहतोच.

मग प्रत्यक्षात मुले सांभाळतो कोण? आपल्या गल्लीतली एखादी बाई. मधल्या वयाची, स्वतःची मुले मोठी झालेली, हाताला माया असलेली. दारावर पाटी नाही, पावतीपुस्तक नाही, तोंडी प्रसिद्धी. “त्या मावशींकडे ठेव” एवढाच पत्ता. जळगावच्या पिंप्राळ्यापासून मेहरूणपर्यंत आणि धुळ्याच्या देवपूरपासून साक्री रोडपर्यंत अशा मावशी असतात. शहर त्यांच्यावर चालते आणि शहराच्या दप्तरात त्यांची नोंद नसते.

त्या पाटी का लावत नाहीत? मी बँकेत असताना धुळ्याच्या एका शाखेत अशाच एक ताई कर्जासाठी आल्या होत्या. गोष्ट नव्वदीतली. दोन खोल्यांच्या घरात सात मुले सांभाळत होत्या. पाळणे, गाद्या, फ्रिज आणि एक खोली वाढवण्यासाठी थोडे पैसे हवे होते. म्हशीसाठी कर्ज होते, पिठाच्या गिरणीसाठी होते, शिलाई मशीनसाठी होते, पापडासाठीही होते. पाळणाघर यादीत नव्हते. तरी काही मार्ग निघाला असता, पण कागदपत्रांत जागेच्या वापराचा दाखला आला. ताई एका कार्यालयात गेल्या. तिथे त्यांना सांगण्यात आले की प्लॉट रहिवासी आहे, धंदा करायचा तर वापर बदलून घ्या, नकाशा काढा, शुल्क भरा. आणि आत्ता जे चालवता ते विनापरवाना आहे. ताई परत आल्या त्या अर्ज मागे घ्यायला. म्हणाल्या, “भाऊ, विचारायला गेले नसते तर बरं झालं असतं.” पुढे पाळणाघर चालूच राहिले. बंद झाली ती फक्त खिडकी, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

ती बंद खिडकी मला या साऱ्या प्रश्नाचे मर्म वाटते. नियमाने पाळणाघर थांबवले नाही, लपवले. आणि लपलेल्या जागेत मूल अधिक असुरक्षित असते.

कायदा नेमका कुठे अडतो, हेही पाहू. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येत बांधकामाबरोबर जागेच्या वापरात केलेला ठळक बदलही येतो. म्हणजे वीट न लावताही, राहत्या खोलीत दुसरे काही सुरू केले तर परवानगीचा प्रश्न उभा राहू शकतो. रहिवासी भागात शाळा-बालवाड्यांना नियमांची मनाई आहे असे नाही. वकिलाने घरात कार्यालय थाटावे, डॉक्टरने तपासणीची खोली करावी, यालाही नियमांत वाट आहे. बायकांच्या वाट्याला ‘रूढ गृहोद्योग’ येतो. शिवण, भरतकाम वगैरे, घरच्याच माणसांनी, पगारी नोकर न ठेवता करायचा उद्योग.

आता ती मावशी कोणत्या रकान्यात बसवायची? गृहोद्योग म्हणावे तर पगारी मदतनीस ठेवता येत नाही. आणि पाळणाघरात दुसरी बाई नसेल तर एक मूल पडले, दुसऱ्याला उलटी झाली, की बाकीच्यांकडे बघणार कोण? सुरक्षिततेसाठी जे हवे, नेमके तेच केले की रकाना बदलतो. स्वतंत्र वापर म्हणावे तर आर्किटेक्टचा नकाशा, वाहनतळ, रस्त्याची रुंदी अशा मोठ्या इमारतीच्या प्रश्नांना दोन खोल्यांच्या घराने उत्तर द्यायचे. शिवाय पाटी लावली की घरपट्टी व्यापारी दराने येईल, ही धास्ती वेगळीच.

कुणी सांगेल, मग रीतसर व्यापारी जागेत जावे. बँकेतल्या माणसाची खोड म्हणून हिशेब मांडतो. आकडे आपल्या समजुतीसाठी धरले आहेत. समजा दहा मुले, प्रत्येकी दरमहा २,००० रुपये. जमा २०,०००. मदतनीस बाईला ८,०००. दूध, खाऊ, साफसफाई, वीज मिळून ४,०००. मावशींना उरले ८,०००. आता हीच जागा बाजारपेठेत भाड्याने घ्या. गाळ्याचे भाडे ७,००० धरले तरी मावशींच्या हाती महिन्याकाठी १,००० रुपये. फी दुप्पट करावी तर डाळ मिलमधली बाई देणार कुठून? तिच्या पगारातून फी वजा करून काही उरले पाहिजे, तरच ती कामाला जाणार. म्हणजे नकाशावरचा पिवळा आणि निळा रंग शेवटी एका घरात दुसरा पगार येणार की नाही, हे ठरवतो.

शेजाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण तक्रार त्यांचीच असते. सकाळी रिक्षांची गर्दी, दुपारी रडारड, गेटपुढे दुचाक्या. यातले वाहनांचे म्हणणे खरे आहे आणि त्यावर उपाय करता येतो. मुलांची संख्या मर्यादित ठेवा, आणण्या-नेण्याच्या वेळा थोड्या वेगळ्या करा. आवाजाचे काय करायचे, हा प्रश्न मात्र जगभर लोकांना पडला आहे. जपानमध्ये टोकियोजवळच्या इचिकावा शहरात २०१६ साली ठरलेले एक पाळणाघर शेजाऱ्यांच्या विरोधामुळे उघडलेच नाही. टोकियो महानगराने त्याआधीच, २०१५ मध्ये, लहान मुलांच्या आवाजाला ध्वनिमर्यादेच्या आकड्यांतून वगळले होते. जर्मनीत पाळणाघरांवर खटले झाले, तेव्हा २०११ साली तिथल्या संसदेने कायद्यातच लिहिले की पाळणाघरातल्या मुलांचा आवाज सामान्यतः उपद्रव मानायचा नाही. लग्नाच्या डीजेखाली झोपणाऱ्या आपल्या गावांना मुलाचे रडणे सोसणार नाही, असे मला वाटत नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने याहून पुढची गोष्ट केली. तिथे राहत्या घरात पाळणाघर चालवायला राज्याचा परवाना लागतो. पण २०२० पासून अशा घराला, चौदा मुलांपर्यंत, स्थानिक पालिकेने नगररचनेची वेगळी परवानगी मागायची नाही. ते घरच आहे आणि तिथला वापर रहिवासीच आहे, असे कायद्याने मानले. यातला विवेक आपण घेण्यासारखा आहे. जागेचा अडसर काढा आणि तपासणीचा आग्रह वाढवा. आपल्याकडे उलटे आहे. मावशी भिते ती प्लॉटच्या रंगाला. तिच्या घरात मूल सुरक्षित आहे का, हे विचारायला मात्र कुणी येत नाही.

ते विचारले पाहिजेच. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली आणि महाराष्ट्र हादरला. नियमावलीची चर्चा झाली. २०१८ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचनाही काढल्या. पण सूचना पोहोचणार त्याच्यापर्यंत, ज्याचा पत्ता ठाऊक आहे.

आणि आपल्या गावचे धोके आपले आहेत. दिल्लीच्या कागदात ते सापडायचे नाहीत. आपल्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून घरोघर जमिनीखाली पाण्याची टाकी असते. तिचे झाकण किती घरांत कुलूपबंद असते? मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी मूल निजवणे म्हणजे त्याला भट्टीत ठेवणे. कूलरचा शॉक लागून आपल्याकडे उन्हाळ्यात माणसे दगावतात. रांगणाऱ्या मुलाचा हात पहिला कूलरच्या पाण्याकडेच जातो. तेव्हा नियम साधे असावेत आणि आपल्याकडचे असावेत. तळमजला, वर स्लॅब. टाकीला कुलूप. कूलरला अर्थिंग आणि मुलाच्या हाताबाहेरची जागा. बाहेर पडायला दोन वाटा. लहानग्या दहा मुलांमागे किमान दोन बाया. पालकाने केव्हाही आत येऊन बघावे, अशी मुभा. एवढे एका पानावर मावते.

जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिकांच्या महापालिका २००३ साली झाल्या. महापालिका म्हणून त्यांना दोन गोष्टी करता येतील. पहिली, दहा मुलांपर्यंतच्या घरगुती पाळणाघरांची नोंदवही उघडावी. नोंद फुकट. ज्याची नोंद झाली त्याला वापरबदलाची नोटीस नाही, घरपट्टी रहिवासी दराने. बदल्यात वर्षातून दोनदा त्या एका पानाची तपासणी. यासाठी राज्याच्या नियमावलीत एखादे वाक्य घालावे लागेल, तर तसा ठराव करून मंत्रालयात पाठवावा.

दुसरी गोष्ट करायला नवा नियमही नको. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने मुंबईसारखे काही भाग वगळून सर्व शहरांना एकच विकास नियंत्रण नियमावली लागू केली. मोठा ले-आउट पाडताना दहा टक्के जागा खुली सोडावी लागते, ती आपली ‘ओपन स्पेस’. तिथे पंधरा टक्क्यांपर्यंत छोटे बांधकाम करता येते आणि कशासाठी, त्या यादीत व्यायामशाळा, योगकेंद्र, ग्रंथालय यांच्याबरोबर पाळणाघर हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे नकाशात नसलेली जागा नियमात आहे! आपल्या कॉलन्यांत या खुल्या जागांवर सभामंडप उभे आहेत, व्यायामाची यंत्रे गंजत आहेत, कुठे गाजरगवत आहे. सकाळची आरती झाली की संध्याकाळपर्यंत सभामंडप रिकामाच असतो. मैदान खाऊन पाळणाघर बांधा, असे कुणी म्हणणार नाही. मुलांना खेळायलाही जागा हवी आणि आम्हा म्हाताऱ्यांना फिरायलाही. पण एका वॉर्डात एका ओपन स्पेसच्या कोपऱ्यात दोन खोल्या, संडास आणि कुंपण एवढे निघणार नाही का? गल्लीतल्या मावशींच्या बचत गटाला ती चालवायला द्यावी. भाडे नसेल तर वरचा हिशेब जुळतो आणि फी डाळ मिलमधल्या बाईला परवडते.

१८१९ साली कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे केले आणि सरळ रस्ते आखून नवी पेठ वसवली. व्यापारी यावेत म्हणून त्याने त्यांना जागा आणि सवलती दिल्या, आणि व्यापारी आले. ज्याला शहरात आणायचे त्याच्यासाठी आधी जागा आखावी लागते, हे तेव्हाच्या राज्यकर्त्याला उमगले होते. आपल्या मुली शिकतात, नोकरीला लागतात आणि पहिल्या बाळंतपणानंतर घरी बसतात. त्यांना पुन्हा कामावर आणायचे तर कोणती जागा आखायची, हे काही कोडे नाही.

वाचकांनी एक करावे. आपल्या कॉलनीचा मंजूर ले-आउट महापालिकेतून मागून घ्यावा, तो मिळतो. त्यात खुली जागा कुठे आणि किती आहे ते पाहावे. मग चार-पाच घरांनी मिळून, त्यात ज्यांची मुले लहान आहेत अशा दोघी-तिघी नक्की असाव्यात, नगरसेवकाकडे लेखी मागणी द्यावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. बँकेत चाळीस वर्षे काढलेल्या माणसाचा हा अनुभव आहे की तोंडी मागणी हवेत जाते आणि पोच घेतलेला कागद कुणाच्या तरी टेबलावर पडून राहतो. पडून राहिलेल्या कागदाचे उत्तर कधी ना कधी द्यावे लागते.